बोथची पलभा

मृग नक्षत्र लागले की आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बोथच्या मुलखात दोन कामे एकाच पंधरवड्यात सुरू होतात: काळ्या रानात कपाशीची सरकी टोबली जाते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळांचे दरवाजे उघडतात. शेतकरी पंचांग पाहणाऱ्याला यंदा मृगाचे वाहन कोणते म्हणून विचारतो, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती असे उत्तर मिळाले की पावसाविषयी मनाला धीर बांधून घरी परततो. परंतु सूर्य ७ जूनच्या सुमारासच मृगात का जातो, पणजोबांच्या वेळी तो याच तारखेला जात होता काय, आणि जात नसेल तर तारीख सरकली कशी, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही. आणि त्याच पंधरवड्यात पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेलेल्या त्याच्या मुलापुढेही तो कोणी ठेवीत नाही.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला, त्याच्यापायी शेकडो जुन्या पोथ्या उलगडल्या, रात्रीमागून रात्री आकाश न्याहाळले आणि जे हाती लागले ते शुद्ध, सरळ मराठीत लिहून ठेवले, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित स्वतः एक शाळाशिक्षकच होते. आज त्यांचे स्मरण करण्यास जयंती-पुण्यतिथीचे निमित्त नाही. माझे निमित्त आमच्या सीमाभागातील मराठी शाळा हे आहे. या शाळांना आधार म्हणून जे जे सुचविले जाते त्यात इमारती, संगणक, अनुदाने असे सर्व असते आणि ते आवश्यकही आहे. परंतु दीक्षितांचे ग्रंथ आणि त्यांची रीत या शाळांत आणावी असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. ती आणली पाहिजे, आणि ती आणण्यास बोथसारखे आडबाजूचे ठिकाणच अधिक योग्य आहे, असे माझे आग्रहपूर्वक मत आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंत चालली, तेव्हा त्यांचे सारे आयुष्य तिच्या अमलाखालीच गेले म्हणावयाचे. याच काळात विलायतेत ज्योतिषी म्हटला म्हणजे त्याच्यामागे वेधशाळा, विद्यापीठ किंवा निदान घरची गडगंज मालमत्ता असे. त्याच्या हाताखाली गणकांचे दप्तर असे आणि त्याच्या दुर्बिणीला स्वतंत्र घुमट असे. दीक्षितांच्या मागे यांतले काहीही नव्हते. मॅट्रिकच्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण गेले नाही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाची विद्या घेतल्यानंतर ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी त्यांनी अध्यापन केले, अखेरीस पुण्याच्या त्याच ट्रेनिंग कॉलेजात ते शिकवू लागले, आणि तेथेच १८९८ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली. दिवसभर मुलांना शिकवावे, संध्याकाळी वह्या तपासाव्यात आणि रात्री दिव्याच्या उजेडात ग्रहगणित मांडावे, ही त्यांची दिनचर्या. आणि पुणे सोडले तर ज्या गावांत त्यांनी ही दिनचर्या पाळली ती गावे त्या काळी विद्येची केंद्रे म्हणून कोणी ओळखीत नव्हते.

त्यांच्या आधीच्या पिढीत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी मराठी मुलखात नव्या ज्योतिर्गणिताचा पाया घातला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत ते उमेदीच्या वयात काम करू लागले, पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि टिळक व आगरकर हे दोघेही त्यांच्या हाताखाली शिकले. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला, आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने निघालेल्या पटवर्धनी पंचांगात आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहांशी जुळणारे गणित प्रथम घातले गेले. केरूनानांना वेधशाळा मिळाली, महाविद्यालय मिळाले, शिष्यवर्ग मिळाला, आणि या साधनांचे त्यांनी चीज केले. दीक्षितांची गोष्ट वेगळी आहे, आणि आम्हा आडगावच्या लोकांना ती अधिक जवळची आहे.

त्या काळचा मोठा वाद पंचांगाचा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय दीक्षितांचे मोल कळत नाही. सूर्यसिद्धांताने धरलेले वर्ष ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे साडेबारा मिनिटांचे आहे. ऋतूंचे चक्र मात्र ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांत पुरे होते. हा फरक वर्षाला २४ मिनिटांच्या आसपास, म्हणजे चहा पिऊन होईपर्यंतचा. परंतु साठ वर्षांत त्याचा एक पुरा दिवस होतो. दीक्षितांच्या अखेरच्या वर्षांत मृग ६ जूनच्या आगेमागे लागत असे, आज तो ७ किंवा ८ जूनला लागतो, आणि असेच चालले तर काही हजार वर्षांनी मृग नक्षत्र ऐन पावसाळ्याच्या अखेरीस येऊन पडेल व पेरणीचा मृग हे शब्द निरर्थक होतील. मकरसंक्रांतीला आपण उत्तरायण म्हणतो, तीळगूळ वाटतो. परंतु सूर्याने उत्तरेकडे तोंड वळविलेले असते ते २१-२२ डिसेंबरला, संक्रांतीच्या तीन आठवड्यांहून अधिक आधी.

यावर उपाय काय, याविषयी विद्वानांत फळ्या पडल्या. केरूनानांनी रेवती नक्षत्राची योगतारा हे आरंभस्थान धरले, त्यामुळे त्यांचे अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून त्या आरंभस्थानापर्यंतचे अंश, सुमारे १८ भरले. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावर चालणाऱ्या पंचांगांत ते २२ च्या पुढे होते, आणि दोन्हींच्या संक्रांतींत चार दिवसांचे अंतर पडले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी याहूनही पुढे जाऊन सायन पंचांगाचा, म्हणजे ऋतूंना घट्ट बांधलेल्या पंचांगाचा, पक्ष घेतला आणि १८८४ च्या सुमारास तसे पंचांगही काढले. लोकांनी ते स्वीकारले नाही. आपल्या मताचा असा पाडाव होत असताना ते मत सोडावयाचे नाही, आणि प्रतिपक्षावर आगपाखडही करावयाची नाही, हे फार थोड्यांना साधते. दीक्षितांनी आपल्या इतिहासग्रंथात केरूनानांच्या कार्याची जी नोंद केली आहे तीत विरोधकाविषयीचा आदर ओतप्रोत आहे. वाद कसा घालावा याचा हा वस्तुपाठ आजच्या मुलांना, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही, हवा आहे.

तो इतिहासग्रंथ म्हणजे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागविला, त्या निमित्ताने दीक्षितांनी लेखणी उचलली, आणि १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून तो ग्रंथ बाहेर पडला. वेदकालापासून आरंभ करून वेदांगज्योतिष, सिद्धांतकाल, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ, आणि पुढे स्वतःच्या हयातीतले बापूदेव शास्त्री, केरूनाना, ओरिसाचे चंद्रशेखर सामंत यांच्यापर्यंत सर्वांचा त्यांनी परामर्श घेतला. कोणत्या ग्रंथात वर्षमान किती धरले आहे, अयनगती किती, ग्रहांचे भगण किती, याची कोष्टके त्यांनी स्वतः तपासून दिली. ग्रंथ संपूर्ण मराठीत आहे. पुढे त्याचा हिंदी अनुवाद झाला, आणि भारत सरकारने इंग्रजी अनुवाद दोन भागांत, १९६९ व १९८१ साली, छापला. ज्या भाषेत एका शाळाशिक्षकाने ग्रंथ लिहिला त्या भाषेकडून इतर भाषांनी तो उसना घेतला, असा हा व्यवहार आहे. आपल्या भाषेत शास्त्र लिहिता येत नाही असे म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

त्यांच्या रीतीचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथे एक दगडी स्तंभ उभा आहे. त्यावरच्या लेखात बुधगुप्त राजाचे नाव आहे, १६५ हे वर्ष आहे, आषाढ शुद्ध द्वादशी ही तिथी आहे आणि गुरुवार हा वार आहे. १६५ हे वर्ष कोणत्या सनाचे? गुप्त राजांचा काळ नेमका कोणता, यावर त्या वेळी विद्वानांत मोठा मतभेद होता आणि एकेका पक्षाचे उत्तर दुसऱ्यापासून दशकांनी दूर जात होते. फ्लीटसाहेबांनी गुप्तांच्या शिलालेखांचा संग्रह १८८८ साली प्रसिद्ध केला, त्याचे गणित त्यांनी दीक्षितांकडून करवून घेतले. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्या परस्पर अंतरावरून ठरते. वार मात्र आकाशाकडे न पाहता सातांच्या साखळीने अखंड चालत येतो. या दोहोंचा मेळ एखाद्या वर्षी बसतो आणि शेजारच्याच वर्षी बसत नाही. गुप्तसंवत इसवी सनाच्या ३१९ व्या वर्षाच्या हिशेबाने धरला तर १६५ म्हणजे ४८४. आणि त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी २१ जून रोजी, बरोबर गुरुवारी पडते. चौदाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला एक वार मराठी शाळाशिक्षकाच्या पाटीवरच्या आकडेमोडीने खरा ठरला, आणि भारताच्या इतिहासातील एका मोठ्या कालखंडाला ठाम पाया मिळाला.

दुसरे उदाहरण कृत्तिकांचे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचे विधान आहे. शेकडो पंडितांनी ते वाचले असेल. दीक्षितांनी ते वाचून आकाशाला विचारले की हे केव्हा खरे होते? ठीक पूर्वेस उगवणारी तारा विषुववृत्तावर असली पाहिजे, आणि संपातबिंदूच्या सरकण्यामुळे कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे येतो, असे त्यांनी १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त मांडले. त्या विधानाचा अर्थ कसा लावावा याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही, आणि ते नसावे हेही शास्त्राच्या प्रकृतीला धरूनच आहे. मला मोलाची वाटते ती त्यांची दृष्टी: पोथीतील वाक्य श्रद्धेने डोक्यावर घ्यावयाचे नाही, अश्रद्धेने फेकावयाचे नाही, त्याला साक्षीदार म्हणून बोलावून त्याची उलटतपासणी घ्यावयाची. कार्तिकातल्या संध्याकाळी बोथच्या बाहेर, दिव्यांपासून थोडे दूर जाऊन उभे राहिले, तर कृत्तिकांचा तो दाटीवाटीचा पुंजका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवताना कोणालाही दिसतो. शहरात ही गोष्ट पुस्तकातच वाचावी लागते; आमच्याकडे ती अजून डोळ्यांनी पाहता येते.

आता घरची एक हकीकत सांगतो. माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक जुना कागद आहे, अर्धा उर्दूत व अर्धा मोडीत. शाई तपकिरी पडली आहे, घड्यांवर कागद विरला आहे, आणि तारखेच्या जागी ‘खुर्दाद १३४७ फसली’ एवढेच स्पष्ट वाचता येते. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात तो कागद रुजू करण्याची वेळ आली, तेव्हा एका कचेरीत कोणी फसली सालात ५९० मिळवून १९३७ हे साल लिहून टाकले. वास्तविक हैदराबाद संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू होई. खुर्दाद हा त्यातला सातवा महिना, म्हणजे एप्रिल, तेव्हा ५९१ मिळवावयास हवे होते आणि साल १९३८ येते. एका वर्षाच्या या चुकीने कागदांचा क्रम उलटासुलटा झाला, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी आम्हाला वर्षभर खेटे घालावे लागले. माझ्या तालुक्यातील कित्येक कुटुंबांच्या पेट्यांत असे कागद आहेत, आणि मुलांना ते वाचता येत नाहीत.

फसली म्हणजे काय, हेही दीक्षितांच्याच पंक्तीला बसल्यावर उमजते. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून ते ऋतुवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. पीक मात्र सूर्याच्या तंत्राने पिकते. साऱ्याची वसुली हिजरी तारखेने बांधली तर काही वर्षांनी ती पीक उभे असतानाच येऊन ठेपेल, म्हणून अकबराने सौर मानाचा फसली सन काढला, आणि शहाजहानने १६३६ साली, तेव्हा चालू असलेल्या हिजरी १०४६ हाच आकडा धरून, तो दख्खनेत लागू केला. १६३६ मधून १०४६ वजा केले की ५९० उरतात. आमच्या पेटीतल्या कागदाचे गूढ एवढेच. दीक्षितांनी मद्रासच्या मुलकी खात्यातील रॉबर्ट सेवेल यांच्यासह ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ सालीच लंडनहून प्रसिद्ध केला, त्यात हिंदू व मुसलमानी तारखा इंग्रजी तारखांत आणि इंग्रजी तारखा त्यांत बदलण्याची कोष्टके आहेत, आणि फसली, अरबी, विलायती अशा निरनिराळ्या सनांचा विचार आहे. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन ज्या मृगाने सुरू होई, तो मृग आणि बोथच्या शेतकऱ्याचा मृग एकच. इतिहास, महसूल, शेती आणि आकाश ही चार खाती एका माणसाने एका टेबलावर बसून जुळविली, आणि ती जुळविताना तो पोटासाठी मुलांना शिकवीतही होता.

आमच्या मुलखाला हे विशेष लागू का पडते, ते सांगितले पाहिजे. दीक्षित धुळ्या-बार्शीला शिकवीत होते तेव्हा बोथ निजामाच्या अमलाखाली होते. येथल्या दप्तराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू, लोकांच्या घरची मराठी, तेलुगू, गोंडी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बोथ तालुक्यातील केवळ इस्लापूर मंडळ त्यांच्याबरोबर गेले, आणि बोथ आंध्र प्रदेशात व पुढे तेलंगणात राहिले. रेषा अशी ओढली गेली की सोयरिकी एका राज्यात आणि शेत दुसऱ्यात. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आजही आहेत, आणि त्यांतल्या मुलांच्या मनात एक न्यूनगंड नकळत रुजतो, की आपली भाषा घरातली, देवळातली, फार तर किनवटच्या बाजारातली. विद्या पाहिजे असेल तर ती दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या गावी. हा न्यूनगंड भाषणांनी जात नाही. ज्याने मराठीत एवढे मोठे शास्त्र लिहिले तो मनुष्य तुमच्या गुरुजींसारखाच एक गुरुजी होता, हे त्याचे पुस्तक हातात देऊन दाखविले तरच तो जातो.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की आजच्या मुलाच्या हातातल्या फोनवर ग्रहताऱ्यांचे नकाशे आहेत, पंचांग आहे, ग्रहणाची वेळ आहे; सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचे त्याला काय? फोन उत्तर देतो हे खरे, आणि ते बहुधा बरोबर असते. परंतु दिलेले उत्तर पडताळून पाहण्याची सवय फोन लावीत नाही. ती सवय लावण्याचे काम शाळेचे आहे, आणि दीक्षितांचे प्रत्येक पान त्या सवयीचा पाठ देते. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. काही मंडळी दीक्षितांना हाती धरून आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा डांगोरा पिटू पाहतील, आणि त्या भयाने दुसरी काही मंडळी त्यांना शाळेच्या उंबरठ्यावरच अडवतील. दोघांनाही माझी विनंती आहे, की ग्रंथ उघडून पाहा. जुन्या आचार्यांच्या चुका त्यांनी झाकलेल्या नाहीत, परदेशाशी झालेल्या देवाणघेवाणीचा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही, आणि जेथे पूर्वजांचे श्रेय निर्विवाद आहे तेथे ते देताना हातही आखडलेला नाही. पूर्वजांचा खरा मान राखण्याचा हाच मार्ग आहे.

त्यांचा सायन पक्ष लोकांत हरला खरा, पण पुढचा इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहिला. स्वतंत्र भारताने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेसाठी समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ या तारखेने, जे राष्ट्रीय पंचांग अमलात आले त्याचे वर्ष सायन आहे. सरकारी राजपत्रावर आजही ती तारीख छापलेली असते. तिच्यामागची लेले-मोडक-दीक्षितांची तपश्चर्या कोणत्या शाळेत सांगितली जाते?

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली: जिल्ह्यातील प्रत्येक मराठी शाळेच्या ग्रंथालयात ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आणि दीक्षितांनीच सामान्य वाचकांसाठी लिहिलेले ‘ज्योतिर्विलास’ ही दोन पुस्तके असावीत. मूळ ग्रंथांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे, खर्च फक्त छपाईचा आहे, आणि तेलंगण व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी तो वाटून घेतला तर कोणालाच जड जाणार नाही. दुसरी: शिक्षकांवर लादलेल्या नाना प्रकारच्या याद्या, मोजण्या आणि अहवालांच्या कामातून त्यांना थोडी तरी मोकळीक मिळावी, दीक्षितांना रात्री उरत होत्या म्हणून ते ग्रंथ लिहू शकले, आणि ज्याच्या रात्रीही कागद भरण्यात जातात त्याच्याकडून आपण विद्येची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे: प्रत्येक शाळेच्या अंगणात एक शंकू असावा.

शंकू म्हणजे सपाट जागेवर ताठ उभी केलेली बारा अंगुळांची काठी. विषुवदिनी ठीक मध्यान्ही तिची जी सावली पडते तिला आपले जुने ज्योतिषी त्या गावची पलभा म्हणत, आणि गावोगावची पलभा ठाऊक असल्याशिवाय त्यांचे लग्नाचे, उदयास्ताचे, दिनमानाचे गणित पुढे जात नसे. बोथचे अक्षांश सुमारे १९ अंश २० कला. त्यावरून बोथची पलभा सव्वाचार अंगुळांना किंचित कमी भरते. २३ सप्टेंबरच्या सुमारास, घड्याळात बारा वाजून नऊ मिनिटांच्या आसपास, ही सावली मोजता येते. बोथचा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही ही गोष्टही मुलाला तेव्हाच कळते. मेच्या १७ तारखेच्या आसपास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही सावली काठीच्या पायाशी लुप्त होते. यासाठी वीज नको, यंत्र नको, अनुदान नको. सावलीला भाषेची अडचणही नाही: मराठी मुलाचा पाडवा आणि तेलुगू मुलाची उगादी एकाच दिवशी येतात, आणि पुष्यातली चंद्रकोर पाहून गोदावरीच्या पाण्यासाठी पायी निघणारे, अमावास्येच्या रात्री केसलापूरला नागोबाची पूजा बांधणारे मेस्राम कुळातले गोंड आकाशाचे वाचन आमच्यापेक्षा अधिक निष्ठेने करीत आले आहेत. तिघांची मुले एकाच अंगणात उभी राहून एकच सावली मोजू शकतात.

एखाद्या वर्षी त्या मुलांपैकी कोणी चुन्याने रेघ मारील, अंगुळे मोजील, आणि पुस्तकातल्या आकड्याशी आपला आकडा अर्ध्या अंगुळाने का जुळत नाही म्हणून गुरुजींना विचारील. काठी तिरपी होती काय, जमीन उतरती होती काय, की मध्यान्हाची वेळच चुकली, याचा शोध गुरुजी आणि मुले मिळून घेतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतील. धुळ्याच्या, बार्शीच्या त्या मास्तरांनी आयुष्यभर केले ते याच जातीचे काम होते. बोथची पलभा बोथच्या मुलांनी मोजावी, वहीत मराठीत लिहून ठेवावी, आणि खाली तारीख घालताना शके, फसली आणि इसवी अशी तिन्ही साले शुद्ध घालावीत, एवढे झाले तरी दीक्षितांचे स्मारक आमच्या गावात उभे राहिले असे मी समजेन.